पाय मागून येताहेत

फॉर्मची चार पानं भरलेली होती आणि एकच चौकोन रिकामा होता. पूलवाल्याने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा नाकावर चढवला आणि अंगठ्याने तो चौकोन हलकेच चोळून पाहिला. न जाणो, शाई फिकी पडली असेल. शाईबिई काही नव्हती. वर छापलं होतं, ‘बाळाचा जन्म गरोदरपणाच्या कितव्या आठवड्यात झाला?’ आणि पुढे दोन बोटं रुंदीची कोरी जागा. बाकी एकूण एक ओळ लेकीच्या हातची. लेक न्यायालयात लघुलेखिका. साक्षीदार बोलेल ते, बोलेल तेवढंच, मधल्या खाकरण्यासकट कागदावर उतरवणं हा तिचा पेशा. इतक्या वर्षांत तिच्या कागदात एक शब्द आगाऊ आला नाही की एक गळाला नाही. अशी बाई मुलीच्या लशींच्या तारखा लिहिते, पहिली आकडी आली तो वार लिहिते, औषधाचे थेंब लिहिते आणि नेमकी एवढीच जागा विसरते? सकाळी दाराशी फाइल हातात देताना ती म्हणाली होती, “बाबा, मला आज सुटी नाही. फॉर्म भरलाय. राहिलंय ते तुम्ही भरा.” त्याला वाटलं होतं, सही राहिली असेल. आता या हिरवट भिंतींच्या दालनात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्याबसल्या त्याने शेवटचं पान पुन्हा उलटून पाहिलं. सही तिने केलेली होती. तारखेसकट.

पूलवाला हे काही त्याचं नाव नव्हे, पण नाव आता त्याला स्वतःलाही कुणी हाक मारल्याशिवाय आठवत नसे. एकतीस वर्षं तो शहराच्या मधोमध असलेल्या त्या पुलाच्या केबिनमध्ये बसला होता. जहाज आलं की दांडी ओढायची, पुलाची दोन पाती दुभंगून आभाळाकडे उठायची, दोन्ही तीरांवर गाड्यांच्या रांगा लागायच्या, जहाज मधून सरकायचं आणि पाती पुन्हा एकमेकींवर येऊन टेकायची. धप्प. केबिनवर एक भोंगा होता, लोकांना “मागे व्हा” म्हणून ओरडायला. पण एकतीस वर्षं नुसतं “मागे व्हा” म्हणत बसायला तो काही पोलीस नव्हता. तो भोंग्यावरून गोष्टी सांगायचा. एक जहाज म्हणे एवढं लांब होतं की त्याचं नाक पुलाखालून गेलं तेव्हा पूलवाल्याच्या लेकीचे दुधाचे दात पडत होते, आणि शेपूट गेलं तेव्हा तिचं लग्न ठरलेलं होतं. एका खलाशाची शिंक म्हणे भर समुद्रात अडकली, ती या पुलाखाली येऊन सुटली, आणि त्या दिवसापासून पुलाचं उत्तरेकडचं पातं जरा वाकडं आहे, खोटं वाटत असेल तर बघून घ्या. लोक गाड्यांच्या काचा खाली करून ऐकायचे. घाईत असलेली माणसंसुद्धा मान वाकडी करून उत्तरेकडच्या पात्याकडे बघायची. आणि त्याची खरी कारागिरी वेगळीच होती : गोष्टीचं शेवटचं वाक्य आणि पाती टेकण्याचा तो ‘धप्प’ एकाच क्षणी यायला हवेत. तो धप्प म्हणजे त्याचा पूर्णविराम. त्यात कधी चूक झाली नाही, असं तो सांगायचा. सांगायला त्याचं काय जात होतं.

नात पलीकडे माशांच्या टाकीपाशी होती. बारा वर्षांची, विजेच्या खुर्चीत, छातीवर पट्टा, पाय निळ्या बुटांत घालून पायपट्टीला बांधलेले. उजवा हात तिच्या मनात नसेल तेव्हा उडायचा आणि मनात असेल तेव्हा हटून बसायचा. डावा मात्र खुर्चीच्या हातावरच्या छोट्या दांडीवर भरवशाने विसावलेला असे. ती दांडी चालवायला त्यानेच शिकवलं होतं. सुरुवातीला ती एवढ्या जोराने ढकलायची की खुर्ची भिंतीला भोक पाडायची. “अगं, दांडी ढकलायची नसते,” तो म्हणाला होता, “दांडीला विचारायचं असतं. जाऊ का, असं.” तिचं बोलणंही तसंच होतं, एकेक शब्द विचारून विचारून यायचा आणि दोन शब्दांमध्ये एवढी जागा राहायची की परका माणूस तेवढ्यात तिचं वाक्य स्वतःच पुरं करून निघून जायचा. म्हणून दुभाष्या तो. आणि दुभाष्या म्हणून तो पक्का बदमाश होता. ती म्हणायची, “पाणी,” आणि हा सांगायचा, “ती म्हणते, पाणी द्या, पण त्या टाकीतलं नको, त्यात मासे आंघोळ करतात.” ती आधी डोळे वटारायची, मग हसू तिच्या सबंध अंगातून असं धावायचं की पट्टे करकरायचे. तो तिला घाईबाई म्हणायचा. सगळेच म्हणायचे. कारण घाईबाईची गोष्ट सबंध गल्लीला पाठ होती.

गोष्ट अशी. ही पोरगी जन्माला यायची एवढी उतावीळ, की सातव्या महिन्यातच दार ठोठावलं. पाय बिचारे अजून बूट घालत होते. ते ओरडले, “अगं थांब, नाडी बांधतोय!” पण ही थांबते कसली? ही आली पुढे, पाय राहिले मागे. मग आता जे दिसतात ते कोणाचे? ते उसने, दुकानदाराने खरे येईपर्यंत वापरायला दिलेले. म्हणून तर ऐकत नाहीत. खरे मागून येताहेत. चालतच येताहेत, पाय दुसरं काय करणार. दर रविवारी तो तिला पायांची खबर द्यायचा. पाय एका सर्कशीत तारेवर चालायच्या कामाला लागले होते. पायांनी एका बुटांच्या दुकानात तीन महिने काढले, कारण डाव्याला काळा आवडला आणि उजव्याला तपकिरी. पायांना सर्दी झाली. पाय वाळवंटातून येत होते तेव्हा तर तिने रोज रात्री पायपट्टीशी पाण्याचा पेला ठेवायला लावला होता. सहा वर्षांची असताना एका रविवारी ती म्हणाली, “पाय... पुलावर... अडकले... का?” पूलवाल्याच्या हातातला चमचा बशीत पडला होता. जगातल्या सगळ्या अडचणी त्याने त्या पायांच्या वाटेत घातल्या होत्या, डोंगर, वादळ, कस्टमचे अधिकारी. पूल तेवढा कधी घातला नव्हता. “छे,” तो म्हणाला, “पुलाच्या वाटेने ते येतच नाहीत.”

हल्ली ती खबर रविवारी मागायची नाही. मंगळवारी, बुधवारी, केव्हातरी मागायची, आणि ऐकताना त्याच्या तोंडाकडे बघायची, जसा भाजी घेणारा तराजूच्या काट्याकडे बघतो. बारा वर्षं म्हणजे गोष्टीचं म्हातारपण, हे त्याला कळत होतं. पण घाईबाईच्या गोष्टीखेरीज तिला देण्यासारखं त्याच्यापाशी काय होतं? ती गोष्ट गेली तर तो कोण उरणार होता? एक म्हातारा, ज्याने एका सकाळी पूल उचलला होता.

“आजोबा, झाला का फॉर्म भरून?” नोंदी गोळा करणारी मुलगी समोर येऊन उभी राहिली होती. गळ्यात ओळखपत्र, केसांत पेन खोवलेलं, आणि तेच पेन ती खिशात शोधत होती.

“डोक्यात आहे,” पूलवाला म्हणाला.

“काय?”

“पेन. फॉर्म हातात आहे.”

ती हसली आणि शेजारच्या खुर्चीवर बसली. नात दांडीला विचारून हळूच जवळ येऊन थांबली. त्या मुलीने एक गोष्ट चांगली केली : ती सांगताना म्हाताऱ्याकडे न बघता नातीकडे बघून सांगायला लागली. “आम्ही सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचे दोन गट करून बघतोय. दिवस भरायच्या आधी जन्मलेली आणि पूर्ण दिवसांची. कोणाच्या हालचालीला किती अडचण येते ते. पाच पायऱ्या आहेत आमच्या. पहिलीवरचा चालतो, धावतोही, जरा अडखळतो इतकंच. पाचवीवरच्याला मान सावरायलाही आधार लागतो.”

“मी?” नातीने विचारलं. हा शब्द दुभाष्याशिवाय पोचला.

“तू चौथीवर. बहुतेक. आज तेच तर बघायचंय.”

“बाकीच्यांपेक्षा लवकर आलेल्यांचं जास्त अडत असेल ना?” पूलवाल्याने विचारलं. प्रश्न अगदी सहज पडल्यासारखा टाकायचा त्याचा इरादा होता, पण आवाज भोंग्यातून आल्यासारखा मोठा निघाला.

“सगळ्यांना तसंच वाटतं. लवकर जन्मलेल्यांना हे होण्याची भीती जास्त, ते खरं. पण ज्यांना झालंय त्यांच्यातच बघितलं ना, तर आमच्या नोंदींत उलटं दिसतंय. लवकर आलेली बरीचशी चालतात. काठी घेऊन, बूटपट्ट्या लावून, पण चालतात. जास्त अडलेली बऱ्याचदा पूर्ण दिवसांची निघतात.” तिने पान उलटलं. “हे राहिलंय बघा. कितवा आठवडा?”

“तिसावा,” पूलवाला म्हणाला. बारा वर्षं जिभेवर गुळगुळीत झालेला आकडा, गोटीसारखा सुटला. “सातव्यातच आली. घाई फार.”

मुलीने पेन टेकवलं आणि उचललं. दोन पानं मागे गेली. “आजोबा, जन्माचं वजन तीन किलो दोनशे लिहिलंय.”

“आमच्या घराण्यात हाडं जड असतात.”

ती हसली नाही. हसायला हवी होती. एवढ्यावर तर पलीकडच्या तीरावरची ट्रकवाली मंडळीसुद्धा हसायची. “तिसाव्या आठवड्यातलं बाळ साधारण दीड किलोचं असतं,” ती हळू आवाजात म्हणाली, आणि ते हळू बोलणंच त्याला जास्त लागलं. “आठवत नसेल तर हरकत नाही. इथे ‘माहीत नाही’ असाही चौकोन आहे, त्यावर खूण करा. कितीतरी जण करतात.”

तीन किलो दोनशे. मुंग्यांच्या रांगेसारख्या त्या अक्षरात लेकीने वजन लिहून ठेवलं होतं, आणि दोन पानांनंतर आठवडा कोरा ठेवला होता. पूलवाल्याला एकदम न्यायालयाची खोली दिसली; तो एकदाच तिथे गेला होता, तिचा डबा द्यायला. साक्षीदार गप्प उभा होता, वकील कोटाचं बटण चाळवत होता, आणि लेक यंत्रावर बोटं ठेवून बसली होती, मान खाली, अजिबात घाई न करता. साक्षीदार बोलेपर्यंत ती त्याच्या तोंडात शब्द घालत नसे. म्हणजे बारा वर्षं ती बोटं अशीच यंत्रावर ठेवून बसली होती तर. आणि तो समजत होता, तिने मान्य केलंय. बाळ झालं तेव्हा इस्पितळाच्या खोलीत शेजारीणबाई बघायला आली होती, काचेच्या पेटीतल्या नळ्या बघून तिचं तोंड उतरलं होतं, आणि त्या उतरलेल्या तोंडावर काहीतरी ठेवायला हवं म्हणून हाच म्हणाला होता, “घाई केली हो पोरीने, सातव्यातच आली.” बाईचं तोंड लगेच सावरलं. हां, अपुऱ्या दिवसांची, मग व्हायचंच असं. कारण मिळालं की लोकांना किती बरं वाटतं! लेक पलंगावर डोळे मिटून पडली होती. झोपली नव्हती. तिच्या पापणीखाली बुबुळ एकदा सरकलं, एवढंच. जावई परगावी होता, तो दुसऱ्या दिवशी आला, तोवर गोष्ट मजलाभर पसरली होती.

त्या दिवशी सकाळी सव्वाआठ वाजले होते. आठ ते दहा या वेळेत रिकाम्या बोटींसाठी पूल उचलायचा नाही असा नियम होता, पण जहाजं ओढणाऱ्या एका ओढबोटीचा कप्तान त्याचा दोस्त. त्याने दुरूनच शिटी घातली, दोन लांब, एक आखूड, म्हणजे ‘काय म्हाताऱ्या, उचलतोस का?’ आणि पूलवाल्याला नाही म्हणवेना. खरं सांगायचं तर दोन्ही तीरांवरची गर्दी बघून त्याला हुरूप आला होता. शाळेच्या बसगाड्या, पावाच्या गाड्या, सायकली, कामावर निघालेली माणसं. असा श्रोतृवर्ग रोज मिळत नाही. पाती वर गेली आणि त्याने एक नवीकोरी गोष्ट काढली, रात्री अंथरुणात सुचलेली, कोणालाच न सांगितलेली. ओढबोट रिकामी होती, चार मिनिटांत पार झाली. गोष्ट अर्ध्यावर होती. हात दांडीवर होता. दांडी नुसती विचारायची होती. पण लोक खिदळत होते, एका बसगाडीच्या खिडक्यांतून पोरांची डोकी बाहेर आली होती, आणि त्याने मनाशी म्हटलं, शेवट होऊ दे. मध्येच पाती टेकली तर धप्प कशावर येणार? हॉर्न वाजायला लागले. रंगलंय आज, त्याला वाटलं. त्यातला एक हॉर्न वेगळा होता. त्याला ताल नव्हता, तो थांबतच नव्हता, सरळ रेघेसारखा. पूलवाल्याने खाली पाहिलं. तिसऱ्या रांगेत पिवळी टॅक्सी. आणि तो भोंग्यावरून म्हणाला, “त्या पिवळ्या टॅक्सीवाल्यांना शेवट आधीच कळलेला दिसतोय, आम्हाला तरी ऐकू द्या राव!” दोन्ही तीर हसले. असे हसले की त्याने शेवट आणखी जरा लांबवला. नऊ मिनिटं. मग धप्प, अगदी जागच्या जागी, शेवटच्या अक्षरावर. टॅक्सी केबिनखालून गेली तेव्हा मागच्या काचेला आतून टेकलेला एक पंजा त्याला दिसला, बोटं फाकलेली. छान हात केला कोणीतरी, असं वाटून त्यानेही हात हलवला होता.

दुपारी इस्पितळातून फोन आला. तारीख उलटून दोन दिवस झाले होते, कळा पहाटे सुरू झाल्या होत्या, बाळाचे ठोके मंद होते, बाळ रडलं नाही. टॅक्सीत तिने त्याचा आवाज ओळखला असणारच. सबंध शहर ओळखत होतं. तिने बापाला गोष्ट सांगताना ऐकलं होतं, काचेला पंजा टेकून, आणि त्यानंतर आजपर्यंत त्या नऊ मिनिटांबद्दल चकार शब्द काढला नव्हता. महिन्याभरात त्याने नोकरी सोडली. डोळे गेले म्हणून सांगितलं. डोळे तर शाबूत होते, सुईत दोरा ओवायचा अजून. मग त्याने घर धरलं, नातीचे पाय चोळायला शिकला, तिच्या मानेखाली हात कसा घालायचा, घास घशात कुठल्या कोनातून उतरतो, हे सगळं शिकला, आणि उशिराची गोष्ट झाकायला घाईची गोष्ट रचली. चांगली रचली. बारा वर्षं पाणी शिरलं नाही तिच्यात.

“समजा,” तो त्या मुलीला म्हणाला, फॉर्मवरची नजर न काढता, “दुसऱ्या कोणाचं विचारतो हं. समजा पूर्ण दिवसांचं बाळ आहे, आणि आईला इस्पितळात पोचायला उशीर झाला. आठ-नऊ मिनिटं. तर त्यानेच झालं असेल, असं सांगता येतं?”

मुलीने पेन पुन्हा केसांत खोवलं. “काही वेळा जन्माच्या वेळचं कारण असतं,” ती म्हणाली. “पण पुष्कळदा जे व्हायचं ते आधीच पोटात होऊन गेलेलं असतं, कित्येक आठवडे आधी. कळा सुरू व्हायच्याही आधी. आणि पुष्कळांचं तर कारण आम्हाला कधीच सापडत नाही, आजोबा. त्या नऊ मिनिटांनी झालं असंही सांगता येणार नाही, आणि नाही झालं असंही नाही.” ती उठली. “दुसऱ्या एकांचा फॉर्म घेऊन येते. पाच मिनिटांत.”

यावर खरं म्हणजे छातीवरचा दगड उतरायला हवा होता. पूलवाला वाट बघत बसला, आता उतरेल, मग उतरेल. टाकीतला एक मासा काचेपर्यंत यायचा, वळायचा. दगड काही उतरला नाही. उलट दगडाखालची जमीनच कोणीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं. बारा वर्षं त्याच्यापाशी दोन गोष्टी होत्या. एक जगासाठी : पोरीने घाई केली. एक स्वतःसाठी : मी उशीर केला. दोन्ही गोष्टींना कारण होतं, सुरुवात होती, धप्प होता. दुसरी गोष्ट तो रोज उशाशी घेऊन झोपत होता आणि त्याला वाटत होतं, ही तरी खरी. आता ही पोरगी सांगून गेली की कदाचित गोष्टच नाही. कदाचित कित्येक आठवडे आधी, लेक स्टुलावर बसून मोजे विणत असताना, कोणाच्याही नकळत, आवाज न होता काहीतरी झालं आणि संपलं. अशी गोष्ट कोणी सांगावी? अशा गोष्टीवर कोणी हसावं, कोणी रडावं? अपराध त्याला पेलत होता. त्यात निदान त्याचं नाव तरी होतं. आणि मग त्याच्या लक्षात आलं की हीसुद्धा त्याचीच जुनी खोड आहे : हातातली दांडी सुटत नाही, शेवट आपल्या मनासारखा झाल्याशिवाय.

“आजोबा.”

“काय गं घाईबाई.”

“तीन... किलो... दोनशे.”

“हं.”

“घाई... कुठे... होती?”

उत्तर जिभेवर आलंसुद्धा. त्या इस्पितळाचा वजनकाटा मासळीवालीकडून आणलेला होता, त्यात आधीच दीड किलोचा बोंबील अडकलेला होता. गोष्ट आपोआप आली, खवल्यांसकट चमकत. त्याने तिला येताना पाहिलं आणि ती गिळून टाकली. घशात टोचली.

“घाई नव्हती,” तो म्हणाला. “तू वेळेवर आलीस. चाळीस आठवडे पुरे करून, वर दोन दिवस. उशीर मी केला.”

आणि त्याने सांगितलं. आयुष्यात एवढं वाईट त्याने कधी काही सांगितलं नव्हतं. मधूनच सुरुवात केली, टॅक्सी आधी आली आणि पूल मागून, ओढबोट सांगायची राहिली म्हणून पुन्हा मागे गेला. पंजाचं सांगताना थांबला. कुठेही आवाज चढवला नाही, कुठेही हात हलवला नाही. शेवटी म्हणाला, “त्याने झालं की नाही, ते ह्यांनाही सांगता येत नाही. पण पूल मी वर धरला होता. बोट गेल्यावर. गोष्टीसाठी.”

“हॉर्न... आईच्या... टॅक्सीचा?”

“हो.”

“आणि तू... लोकांना... हसवलंस.”

“हो.”

तिने मान खाली घातली. मान खाली घालणं तिला नेहमी जमत नसे, आज जमलं. निळ्या बुटांकडे ती बघत राहिली. डावा पाय नेहमीसारखा आत वळलेला, उजव्याची टाच पट्टीवरून जराशी उचललेली.

“मग हे... मागे... नव्हते राहिले.”

“नाही.”

“हेच... आहेत.”

“हेच,” पूलवाला म्हणाला.

एखाद्याने पाहुण्यांची वाट बघत रस्त्यावर डोळे लावून बारा वर्षं काढावी, आणि ते पाहुणे पहिल्या दिवसापासून घरातच बसलेले निघावे, तसं ती त्या पायांकडे बघत होती. तिला राग आला होता का? त्याला कळेना. तिच्या घशातल्या प्रत्येक आवाजाचा अर्थ लावणारा तो, आता त्याला तिच्या गप्प बसण्याचा अर्थ लागेना. मग तिने दांडीला विचारलं आणि खुर्ची फिरवून त्याच्याकडे पाठ केली. खुर्चीच्या पाठीला अडकवलेली पिशवी तेवढी दिसत राहिली, तिचा टॉवेल, तिची बाटली. पेन काढायला त्याने आपल्याच केसांत हात नेला, मग आठवलं की ते त्या मुलीच्या केसांत होतं. आपल्या खिशातलं काढलं. चौकोनात लिहिलं, ४०. आकडे जरा वाकडे आले. लेकीच्या अक्षरांच्या रांगेत ते दोन आकडे एखाद्या उशिरा आलेल्या साक्षीदारासारखे दिसत होते, केस विस्कटलेला, धापा टाकणारा, पण आलेला.

नोंदवाली मुलगी आली. तिने चौकोन बघितला, त्याच्याकडे बघितलं, आणि काही विचारलं नाही. ती पुढे जाऊन नातीसमोर वाकली. “आत तुझ्या पायांची मापं घेतील, थोडं हलवून बघतील. चालेल ना तुला? तुझं हो असेल तरच.”

“हो,” नात म्हणाली. “माझेच... आहेत.”

मुलीने म्हाताऱ्याकडे पाहिलं. तिला दुसरं वाक्य कळलं नव्हतं.

“ती म्हणते, हो. माझेच आहेत,” पूलवाला म्हणाला.

मुलगी अजून थोडी थांबली, पुढे काही येईल म्हणून. काही आलं नाही. खुर्चीच्या पलीकडून नातीने मान जेमतेम एवढी वळवली की त्याला तिचा एक कान दिसावा.

“दहा मिनिटांत बोलावतील,” असं म्हणून ती मुलगी फॉर्म घेऊन गेली. संध्याकाळी त्याची एक प्रत घरी जाणार होती. लेक ती वाचेल, चष्मा वर सरकवेल, आणि बहुधा काहीच बोलणार नाही. किंवा बोलेल. पूलवाल्याला पहिल्यांदाच पुढचं वाक्य माहीत नव्हतं.

खुर्ची हळूहळू वळली. नातीचा चेहरा लाल झाला होता, डोळे कोरडे होते. “कुठली... गोष्ट?”

“कसली गं?”

“पूल... वर... होता... तेव्हा.”

“नको ती.” ती गोष्ट त्याने त्या सकाळनंतर कोणाला सांगितली नव्हती. मनातसुद्धा म्हटली नव्हती. “दुसरी सांगतो.”

“तीच.”

आता तिच्यापुढे नाही कसं म्हणायचं? तिच्या जन्माची ती एकच गोष्ट होती जी खरोखर त्या वेळी चालू होती. त्याने घसा साफ केला. एक कप्तान होता, तो म्हणाला. त्याने काय केलं, आपल्या बंदरातलं धुकं पिंपांत भरलं. पहाटे उठायचं, फावड्याने धुकं ओढायचं, पिंपात दाबायचं, झाकण ठोकायचं. सातशे पिंपं. का, तर लांब एक शहर होतं, तिथे ऊन एवढं कडक की प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा स्पष्ट दिसायचा, आणि त्यामुळे रोज भांडणं. नवरा बायकोला म्हणायचा, तू तोंड वाकडं केलंस. ती म्हणायची, केलंच! तर त्या लोकांनी धुकं मागवलं. थोडं. घरटी एक पिंप. नातीच्या ओठांचा एक कोपरा हलला. पूलवाल्याने तो हललेला पाहिला आणि, काय सांगावं, बारा वर्षांनी गोष्ट त्याच्या हाताखाली उठायला लागली, पातं उठावं तशी. त्याचा आवाज भरला. हात पिंपं ठोकू लागले. जहाज निघालं, वाटेत एक पिंप गळायला लागलं, आणि खलाशांना एकमेकांचे चेहरे दिसेनात, तेव्हा स्वैपाक्याने कप्तान समजून मांजराला सलाम ठोकला, आणि मांजराने तो घेतला! पलीकडच्या खुर्च्यांवरची एक बाई मुलाच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता ऐकायला लागली. नात हसत होती, पट्टे करकरत होते. जहाज त्या शहराच्या धक्क्याला लागलं. सबंध शहर पिंपांभोवती जमलं. पहिल्या पिंपाच्या झाकणाला कप्तानाने पहार लावली...

आतलं दार उघडलं. निळ्या अंगरख्यातल्या बाईने हातातली यादी बघून त्यांच्याकडे पाहिलं. “चला, तुमचा नंबर.”

“एक मिनिट हं बाई,” पूलवाला म्हणाला. त्याचा एक हात हवेत होता, पहारीवर. “शेवटच आलाय. दोनच वाक्यं.”

“आजोबा,” नात म्हणाली.

“अगं, दोनच...”

“पूल... खाली... घे.”

तिने दांडीला विचारलं. खुर्ची सुरू झाली, माशांच्या टाकीला वळसा घालून, अजिबात घाई न करता, दोन निळे बूट पुढे आणि ती मागून. पूलवाल्याचं तोंड उघडं होतं, दोन्ही वाक्यं तिथेच होती, तयार, चकचकीत. पलीकडची बाई त्याच्याकडे बघत होती, पुढे काय झालं म्हणून. त्याने तोंड मिटलं. हवेतला हात हळूहळू खाली आला आणि गुडघ्यावर टेकला. दार तिच्यामागे लागलं. आवाज असा फारसा झाला नाही.